दुकानातला संगणक आणि खुली कार्यप्रणाली

आज लहानशा दुकानातही संगणक आला आहे. बिले त्यावर निघतात, उधारीची यादी त्यावर असते, जीएसटीचे विवरणपत्र त्यावरूनच भरले जाते. पण हे सारे ज्या मूळ व्यवस्थेवर चालते त्या कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा, आपण व्यापारी मंडळी क्वचितच विचार करतो. माग विकत घ्यायचा तर दहा ठिकाणी चौकशी करतो, जुना असेल तर कारागिराला बरोबर नेऊन तपासतो. संगणकावर मात्र दुरुस्तीवाला जे टाकून देईल तेच वर्षानुवर्षे चालवतो.

मीही तेच करीत होतो. पेढीवरच्या संगणकात विंडोजची नकली प्रत होती. पाचशे रुपयांत टाकून मिळाली होती. टाकणाऱ्याने सांगितले होते की अपडेट कधी करू नका, नाहीतर प्रत बंद पडेल. आम्ही ते इमानदारीने पाळले. २०१८ साली एके दिवशी सकाळी संगणक उघडला तर एकही फाईल उघडेना. प्रत्येकीचे नाव बदललेले आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी : पैसे भरा, मग किल्ली देऊ. दोन वर्षांचा हिशेब त्यात होता. पैसे भरले नाहीत, कारण भरूनही किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार? छापील बिलांच्या फायली काढल्या, एकेका पार्टीला फोन केला. बहुतेकांनी आपापल्या वहीतली बाकी खरी सांगितली, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत. काहींची उगराणी मात्र कायमची बुडाली. त्या दिवसापासून या विषयाकडे मी लक्ष देऊ लागलो. जे समजले ते व्यापारी आणि कारागीर बंधूंसमोर ठेवतो.

आता हा प्रश्न का उभा राहिला?

कोणतीही कार्यप्रणाली निर्दोष नसते. तिच्यात फटी सापडत राहतात आणि बनवणारे त्या बुजवत राहतात. या बुजवण्यालाच अपडेट म्हणतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातले लाखो संगणक बंद पाडले. त्याने ज्या फटीतून शिरकाव केला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच काढले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते त्यात सापडले.

कंपनी हे अपडेट कायम देत नाही. विंडोज एक्सपीचे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, विंडोज सेव्हनचे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज टेनची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. काही अटींवर वाढीव मुदतीची सोय कंपनीने जाहीर केली, पण ती तात्पुरती आहे. विंडोज इलेव्हन घ्यावे तर त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि साधारणपणे २०१८ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आपल्या दुकानांतले अनेक संगणक त्यात बसत नाहीत. म्हणजे संगणक धडधाकट आहे, पण त्याला पहारेकरी उरला नाही. अशा वेळी तीन वाटा उरतात : नवा संगणक घ्या, पहाऱ्याशिवाय चालवा, किंवा त्याच संगणकावर दुसरी कार्यप्रणाली घाला. या लेखात तिसऱ्या वाटेची माहिती आहे.

'खुली' म्हणजे काय?

इंग्रजीत या प्रणालींना 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण इंग्रजीत फुकटालाही फ्री आणि मोकळ्यालाही फ्री. आपल्या भाषांत ही अडचण नाही. मराठीत फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. उर्दू शाळेत आम्ही मुफ्त वेगळे आणि आझाद वेगळे शिकलो. इथे अर्थ आझाद असा आहे. या प्रणाली बहुधा मुफ्तही मिळतात, पण खरी गोष्ट ती नाही.

कापडाच्या भाषेत सांगतो. बाजारातून आपण नक्षीचा तागा घेतला तर कापड आपल्या मालकीचे होते. पण ताण्याला कोणते सूत, बाण्याला कोणते, रीड किती, पिक किती, जकार्डचा ग्राफ कोणता, हे विणणारा सांगत नाही. नक्षीत दोष निघाला तर पुन्हा त्याच्याच दारात जावे लागते, आणि त्याने ती नक्षी बंद केली तर आपला इलाज चालत नाही. बंद सॉफ्टवेअर असे असते. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ताग्याबरोबर ग्राफही हातात मिळतो. त्या ग्राफला सोर्स कोड म्हणतात. तो कोणीही वाचावा, सुधारावा, त्यावरून नवा माल काढावा आणि विकावाही. लिनक्सचा मूळ गाभा जीपीएल नावाच्या परवान्याखाली आहे. त्याची एक अट मोठी न्याय्य आहे : सुधारलेला माल दुसऱ्याला द्याल, तर त्याचा ग्राफही त्याला द्यावा लागेल. तुम्हाला जसे मोकळे मिळाले तसेच पुढे मोकळे द्या.

या चळवळीचा पाया अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी घातला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. त्यांच्याकडे बरेचसे सुटे भाग तयार झाले होते, पण गाभा म्हणजे कर्नेल पुरा होत नव्हता. ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली करीत असल्याचे जाहीर केले. तेच लिनक्स. १९९२ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली आली आणि जगभरचे हात तिला लागले. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. तेव्हा ही काही गरिबांसाठी काढलेली हलकी वस्तू आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

नावे अनेक, निवड कशी करावी?

लिनक्सचा गाभा एक, पण त्याभोवती माल बांधणाऱ्या पेढ्या अनेक. या बांधणीला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. काही प्रमुख नावे अशी :

डेबियन : १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केली. स्वयंसेवकांची संघटना ती चालवते. साधारण दोन वर्षांनी नवी स्थिर आवृत्ती निघते. तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे नेहमीचे आणि त्यानंतर दोन वर्षे वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात.

उबुंटू : डेबियनवरूनच तयार होते, २००४ पासून. कॅनॉनिकल ही कंपनी ती काढते. आवृत्तीच्या आकड्यात तिचा जन्ममहिना असतो : २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये निघणाऱ्या आवृत्तीस 'एलटीएस' म्हणतात, तिला पाच वर्षे नेहमीचे अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. दुकानदाराने एलटीएसच घ्यावी.

लिनक्स मिंट : २००६ पासून. हिचा मुख्य माल उबुंटू एलटीएसवर बांधलेला. पडद्याची मांडणी विंडोजसारखी असल्याने मुनीमाला सवय लवकर होते. किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर बरे. जुन्या संगणकासाठी तिची एक्सएफसीई आवृत्ती हलकी आहे.

बॉस : आपल्या देशातील सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ पासून काढलेली, डेबियनवर बांधलेली आणि भारतीय भाषांकडे लक्ष देणारी प्रणाली.

याखेरीज बीएसडी नावाचे वेगळे घराणे आहे. फ्रीबीएसडी १९९३ पासून, ओपनबीएसडी १९९५ पासून. ती लिनक्स नाही. तिच्या परवान्यात ग्राफ पुढे देण्याची सक्ती नाही. दुकानाच्या टेबलापेक्षा सर्व्हर आणि नेटवर्कच्या कामाला ती अधिक वापरतात. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

आमच्या पेढीवर मी मिंट घेतली. ही तिची जाहिरात समजू नये. शिकवायला ओळखीचा एक मुलगा मिळाला आणि तो मिंट वापरत होता, एवढेच कारण. खुल्या प्रणालीत शेजारी जी जाणतो ती आपल्यासाठी चांगली, असा माझा अनुभव आहे.

कोणती कामे होतात, कोणती अडतात?

इथे खरे बोलणे भाग आहे, कारण या विषयावर लिहिणारे उत्साही लोक अडचणी सांगत नाहीत.

जी कामे इंटरनेटच्या खिडकीतून होतात ती सर्व लिनक्सवर होतात : बँक, ई-मेल, ई-वे बिल, जीएसटीचे विवरणपत्र, व्हॉट्सॲप. फायरफॉक्स किंवा क्रोम तेच. मालकीहक्काच्या पेढीला विवरणपत्र ओटीपीने प्रमाणित करता येते. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीची यूएसबी चावी लागते. ती आपल्या लिनक्सवर चालते की नाही हे बदल करण्याआधीच तपासावे.

पत्रे आणि तक्ते यांच्यासाठी लिब्रेऑफिस आहे. एक्सेलच्या साध्या फाईली त्यात उघडतात. मॅक्रो घातलेल्या गुंतागुंतीच्या फाईलींचा मात्र भरवसा धरू नये.

टॅली लिनक्ससाठी बनत नाही. काही जण वाईन नावाच्या साधनातून ती चालवतात, पण हिशेबासारख्या गोष्टीत असल्या जुगाडावर विसंबू नये. ज्याचा सारा कारभार टॅलीवर आहे त्याने एक अस्सल परवान्याचा विंडोज संगणक टॅलीसाठी ठेवावा आणि बाकीचे लिनक्सवर न्यावेत. आम्ही असेच केले. पाचपैकी चार संगणक लिनक्सवर आहेत, एक टॅलीचा. त्या एकावर कोणी ई-मेल उघडत नाही, बाहेरची पेन-ड्राइव्ह लावत नाही.

छपाई आणि लग्नपत्रिकांचे काम करणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. इनपेजमधला जुना उर्दू मजकूर, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर आणि कोरलड्रॉच्या फाईली यांवर ज्यांचा धंदा आहे, त्यांना लिनक्सवर जाऊन आज फायदा नाही. हे जुने फॉन्ट युनिकोड पद्धतीचे नाहीत, म्हणून दुसरीकडे नेले की मजकूर अगम्य चिन्हांचा होतो. नवे काम मात्र युनिकोडमध्येच करण्याची सवय लावावी. लिनक्सवर मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि उर्दूसाठी कळफलक मिळतो, आणि नोटो नस्तालिक उर्दू हा खुला फॉन्ट नस्तालिकमध्ये चांगला दिसतो. मी माझी उर्दू पत्रे आता त्यातच लिहितो.

भरतकाम करणाऱ्या कारागिरांसाठी एक चांगली बातमी आहे. इंकस्केप या खुल्या चित्र-कार्यक्रमाला इंकस्टिच नावाची जोड मिळते. तिने नक्षीचे टाके पाडून डीएसटीसारख्या स्वरूपात फाईल काढता येते, आणि ती अनेक भरतकाम-यंत्रे वाचतात. महागड्या कार्यक्रमाइतक्या सोयी तिच्यात नाहीत, पण शिकाऊ मुलाला हात बसवायला ती विनामूल्य आहे आणि नकली प्रत वापरावी लागत नाही.

प्रिंटर ही नेहमीची डोकेदुखी. आमचा जुना लेझर प्रिंटर तीन आठवडे झुलवत राहिला, शेवटी बदलला. म्हणून आपला प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र आणि स्कॅनर यांची चाचणी आधी घ्यावी.

घातली म्हणजे झाले नाही, मागोवा ठेवावा लागतो

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. बंद प्रणालीत कंपनी तुमच्या वतीने ठरवते. खुल्या प्रणालीत मोकळीक तुमची, म्हणून दक्षताही तुमची. तीन गोष्टींवर नजर ठेवावी.

पहिली, मुदत. आपल्या आवृत्तीचे अपडेट कधी संपणार ती तारीख संगणकावरच चिठ्ठी चिकटवून लिहावी. मिंटची बावीस क्रमांकाची मालिका जुलै २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मुदतीच्या सहा महिने आधी पुढची तयारी सुरू करावी. लिनक्स आहे म्हणून मुदत संपल्यावरही सुरक्षित, असे नसते.

दुसरी, चालवणारा कोण? सेंटओएस नावाची प्रणाली जगभर सर्व्हरवर वापरात होती. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळणार असे लोक धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने जाहीर केले की तो २०२१ अखेर संपेल. लोक खवळले, आणि ते साहजिकच होते. पण ग्राफ सर्वांच्या हातात होता. २०२१ मध्येच रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स या दोन नव्या प्रणाली उभ्या राहिल्या आणि काम पुढे चालू राहिले. बंद मालात असे झाले असते तर गिऱ्हाईक रस्त्यावर आले असते. यातून दोन्ही धडे घ्यावेत : खुला मालही चालवणाऱ्याच्या मर्जीवर असतो, पण त्याची मर्जी फिरली तरी दुसरा माग लावता येतो.

तिसरी, घाई नको. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक धक्कादायक गोष्ट उघड केली. लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या साधनाच्या दोन ताज्या आवृत्त्यांत चोरदार बसवलेले होते. बसवणाऱ्याने टोपणनावाने दोनेक वर्षे इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला होता. फ्रॉइंड यांना संशय आला तो एवढ्यावरून की दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. ग्राफ उघडा होता म्हणून त्यांना मुळापर्यंत जाता आले. आणि ते दूषित साधन तोवर चाचणीच्या व अगदी ताज्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचले होते, डेबियनच्या स्थिर आवृत्तीत आलेच नव्हते. ज्यांनी जुना, पारखलेला माल वापरला ते बचावले.

म्हणून माझा नियम असा : सुरक्षेची अपडेट आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी घ्यायची. पण नवी मोठी आवृत्ती आली की लगेच उडी मारायची नाही. तीन-चार महिने इतरांचे काय होते ते पाहायचे, मग आधी एका संगणकावर, मग बाकीच्यांवर. सॉफ्टवेअरही प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यायचे, कोठूनही उतरवायचे नाही.

वाट फिरून परत येणारेही आहेत. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये निर्णय घेऊन सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले, ते काम २०१३ मध्ये पुरे झाले, आणि २०१७ मध्ये नगरपालिकेने विंडोजवर परतण्याचा ठराव केला. उलट केरळच्या शाळांत खुल्या प्रणालीवरच मुले शिकत आली आहेत. तेव्हा यश केवळ प्रणालीत नाही, चालवणाऱ्यांच्या तयारीतही आहे.

सुरुवात कशी करावी?

१. सर्वप्रथम हिशेबाच्या दोन प्रती काढा. एक दुकानात, एक घरी. या प्रती संगणकाला कायम जोडून ठेवू नका. आमच्या वेळी प्रत होती, पण ती संगणकालाच लावलेली होती. तीही कुलूपबंद झाली.

२. संगणकावर रोज होणाऱ्या कामांची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा : होते, होत नाही, पर्याय आहे.

३. पेन-ड्राइव्हवर प्रणाली उतरवा. ती अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. संगणक त्या पेन-ड्राइव्हवरून सुरू करा आणि आतले काही न पुसता चालवून पाहा. प्रिंटर, वाय-फाय, मराठी-उर्दू टंकलेखन तिथेच कळते.

४. सर्वांत कमी कामाच्या संगणकावर आधी बसवा. दोन महिने तरी जुने आणि नवे दोन्ही बरोबरीने चालवा.

५. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचे साधन आहे. ते प्रणाली बिघडली तर मागच्या स्थितीवर नेते. पण तुमच्या हिशेबाच्या फाईलींची ती प्रत नव्हे. ती वेगळी काढावीच लागते.

६. भारतीय पद्धतीच्या हिशेबासाठी जीएनयूखातासारखे खुले कार्यक्रमही तयार झाले आहेत. असा कोणताही कार्यक्रम घेण्याआधी त्याची शेवटची आवृत्ती कधी निघाली आणि जीएसटीचे चालू नियम त्यात आहेत का, हे पाहा. ज्यावर कोणी काम करीत नाही तो कार्यक्रम खुला असूनही उपयोगाचा नाही.

७. शिकवणाऱ्याला मेहनताना द्या. प्रणालीला पैसे पडले नाहीत म्हणून माणसाचे श्रमही फुकट, असे समजू नका. आणि काही वाचले तर त्यातला थोडा भाग ती प्रणाली चालवणाऱ्यांना वर्गणी म्हणून पाठवा. मिंटसारखे प्रकल्प बऱ्याच अंशी अशा वर्गणीवरच जगतात.

खर्चाचा हिशेब मांडला तर चार संगणकांसाठी आमचे पैसे गेले ते प्रिंटरला, एका ज्यादा डिस्कला आणि शिकवणाऱ्या मुलाला. पहिले दोन महिने मुनीम कुरकुरत होते, तिसऱ्यात गप्प झाले. दुसरा एक फायदा पैशात मोजता येत नाही. पूर्वी संगणक तपासायला कोणी येणार म्हटले की मनात धाकधूक असे, कारण आत दुसऱ्याचा माल चोरून ठेवलेला होता. कापडात कोणी आपला छाप चोरला तर आपण किती ओरडतो! मग तोच न्याय आपल्या टेबलावरच्या यंत्रालाही लागू आहे.

ज्याचे काम अस्सल परवान्याच्या विंडोजवर नीट चालते आणि अपडेट मिळतात, त्याने उगीच बदलू नये. पण ज्याच्याकडे नकली प्रत आहे किंवा मुदत संपलेली प्रणाली आहे, त्याने आज संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी एवढे तरी करावे : हिशेबाची एक प्रत काढून घरी न्यावी. बाकीचे उद्यापासून करता येईल.